मेंदूतली पाण्याची गाठ : पार्श्वभूमी

आंब्यावरून किंवा दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, की सिंधुदुर्गातला रुग्ण बहुधा गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात नाहीतर कोल्हापूरला नेला जातो. मार किरकोळ निघतो, पण सीटी स्कॅनच्या रिपोर्टात कधीकधी ‘अरॅक्नॉइड सिस्ट’, म्हणजे मेंदूच्या आवरणातली पाण्याची पिशवी, असा भलताच उल्लेख सापडतो. घरी ओटीवर फिल्म उजेडाकडे धरली जाते, कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूतल्या पाण्याइतकाच काळा डाग दिसतो आणि संध्याकाळपर्यंत ‘डोक्यात गाठ आहे’ ही बातमी वाडीभर होते. कर्करोगालाही ‘गाठ’ आणि पाण्याच्या पिशवीलाही ‘गाठ’च, ही मराठीची इथली अडचण.

मात्र ही धास्ती निव्वळ शब्दाची नाही. १८३१ मध्ये लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी या पिशव्यांचे वर्णन केले, ते शवविच्छेदनातून. पुढची सुमारे १४० वर्षे त्या दिसायच्या त्या मृताच्या कवटीत किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर, त्यामुळे पुस्तकांत त्यांची गाठ फक्त आजाऱ्यांशी पडली. मेंदूवरचे पातळ आवरण जन्माआधीच दुभंगून मधल्या फटीत पाणी साचते, हे स्टार्कमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवले. परंतु जन्मभर अशी पिशवी बाळगूनही ज्यांचे काहीच बिघडले नाही, अशी माणसे मोजणार कशी?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रिटिश अभियंते हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, मागोमाग एमआरआय आला, आणि भलत्याच कारणासाठी तपासलेल्यांच्या डोक्यांतही या पिशव्या दिसू लागल्या. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४८,४१७ प्रौढांपैकी ६६१ जणांत, म्हणजे १.४ टक्के लोकांत, त्या होत्या. ज्या २०३ जणांवर पुढे लक्ष ठेवले, त्यांच्यापैकी फक्त ५ जणांची पिशवी वाढली, २ जणांची लहान झाली, बाकीच्यांची होती तेवढीच राहिली. त्याच गटाच्या मुलांवरील आधीच्या पाहणीत वाढ आढळली ती चार वर्षांच्या आतल्या बालकांत. निदानाच्या वेळी त्याहून मोठ्या असलेल्या एकाही मुलाची पिशवी वाढली नाही.

अपवाद आहेत, आणि ते दडवू नयेत: पिशवी पाण्याची वाट अडवते तेव्हा मेंदूत पाणी तुंबते, आणि क्वचित डोक्याच्या मारानंतर पिशवीपाशी रक्तस्राव होतो. एरवी प्रौढ रुग्णाला काही त्रास नसेल, तर डॉक्टर बहुधा शस्त्रक्रिया सुचवत नाहीत. तान्ह्या बाळाचे मात्र डोके टेपने मोजत राहतात आणि स्कॅन पुन्हा काढायला सांगतात.