रिमोटचा कोड नीट का पकडला जात नाही? इन्फ्रारेड संकेतांची पार्श्वभूमी

सांगली-मिरज किंवा साताऱ्याकडच्या नव्या घरांच्या हॉलमध्ये टीव्ही, एव्ही रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र), सेट टॉप बॉक्स आणि क्वचित प्रोजेक्टर अशी तीन-चार उपकरणे आता सहज आढळतात. ती सगळी एकाच रिमोटवर चालावीत, ही घरच्यांची अपेक्षाही रास्त असते. त्यासाठी प्रत्येक मूळ रिमोटचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) कोड शिकणाऱ्या यंत्रात, म्हणजे दुसऱ्या रिमोटचे संकेत नोंदवून तसेच पाठवणाऱ्या यंत्रात, उतरवून घ्यावा लागतो. हे काम कधी दोन मिनिटांत होते, तर कधी एका बटणापायी अख्खी संध्याकाळ जाते. अशा वेळी शिकणाऱ्या यंत्राला दोष दिला जातो. परंतु बहुतेक अडचणींचे मूळ टीव्ही कंपन्यांनी काही दशकांपूर्वी आपापल्या सोयीने घेतलेल्या निर्णयांत आहे.

सुरुवातीचे बिनतारी रिमोट इन्फ्रारेड नव्हतेच. अमेरिकेतील झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी १९५५ मध्ये तयार केलेला फ्लॅश-मॅटिक साध्या दृश्य प्रकाशावर चालत असे आणि खिडकीतून थेट ऊन आले की टीव्ही आपोआप चॅनेल बदलत असे. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतील रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा स्पेस कमांड आला. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांवर आघात होऊन माणसाच्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी निघे आणि त्यासाठी सेलसुद्धा लागत नसे. मात्र चार दांड्या म्हणजे चारच आज्ञा. बीबीसीने १९७४ मध्ये सीफॅक्स ही टेलिटेक्स्ट (टीव्हीच्या पडद्यावर मजकुराची पाने दाखवणारी) सेवा सुरू केल्यावर तीन अंकी पानक्रमांक दाबण्याची सोय हवी झाली, बटणे वाढली आणि ध्वनीची जागा हळूहळू इन्फ्रारेड प्रकाशाने घेतली.

उन्हाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता, कारण सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतोच. त्यावर उपाय म्हणून रिमोटचा एलईडी सलग न पेटवता सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करू लागला आणि उपकरणातील इन्फ्रारेड रिसीव्हर तेवढ्याच वेगाची उघडझाप ओळखू लागला. या उघडझापेची, म्हणजे वाहक लहरीची, वारंवारता अनेक ठिकाणी ३८ किलोहर्ट्झ असते, त्यामागे रेडिओचा वारसा आहे. एएम रेडिओसाठी बनणारे ४५५ किलोहर्ट्झचे सिरॅमिक रेझोनेटर (ठरावीक वारंवारता देणारे सुटे भाग) स्वस्तात मिळत आणि ४५५ ला १२ ने भागले की ३७.९ येतात. फिलिप्सने ३६ किलोहर्ट्झ निवडले, सोनीने ४०, तर बँग अँड ओलुफसेनने थेट ४५५ किलोहर्ट्झच वापरले. म्हणूनच या शेवटच्या कंपनीच्या रिमोटपुढे सर्वसाधारण शिकणारे यंत्र काहीच आले नसल्यासारखे गप्प बसते.

वारंवारतेपेक्षाही जास्त त्रास देते ती संकेतांची मांडणी, आणि माझ्या मते जुळवणी करणाऱ्याने सर्वाधिक वेळ याच भागाला द्यावा. एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची लांब चमक, मग ४.५ मिलिसेकंदांचा विराम आणि त्यानंतर ३२ बिट (० किंवा १) येतात. बटण दाबून धरले तर पूर्ण संकेत पुन्हा जात नाही. दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास फक्त 'तेच चालू आहे' असे सांगणारी छोटी खूण जाते. शिकणारे यंत्र तयार होण्याआधीच बटण दाबून ठेवले असेल, तर नेमकी ही रिकामी खूण पकडली जाते आणि उपकरण ढिम्म हलत नाही. सोनीच्या पद्धतीत उलट आहे: तोच संकेत दर ४५ मिलिसेकंदांनी, किमान तीनदा जातो. निसटते दाबून एकच संकेत नोंदवला, तर कोड बरोबर असूनही तो मानला जाईलच असे नाही.

फिलिप्सच्या आरसी-५ या संकेतपद्धतीत १४ बिटांपैकी एक बिट प्रत्येक नव्या दाबाला उलटतो. बटण धरून ठेवले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे, हे टीव्हीला त्यावरून कळते. शिकलेल्या कोडमध्ये तो बिट कायमचा गोठतो. परिणामी आवाज वाढवण्याचे बटण व्यवस्थित चालते. परंतु चॅनेल ११५ लावायला गेल्यावर दुसरा १ हा पहिल्याचाच भाग समजला जातो आणि पडद्यावर १५ उमटतात. ही तक्रार ऐकली की आरसी-५ किंवा त्याच घराण्यातील आरसी-६ चा संशय आधी घ्यावा.

शिकणारे रिमोट १९८० च्या दशकाच्या मध्यावर आले. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांच्या सीएल ९ कंपनीचा कोअर हा त्यांपैकी एक, १९८७ चा. ही यंत्रे संकेताचा अर्थ न लावता चमक आणि विराम जसेच्या तसे नोंदवत, आणि आजचीही बरीच यंत्रे हेच करतात. म्हणून खोलीतील सीएफएल दिव्याची लुकलुक किंवा तिरपे येणारे ऊनही कोडमध्ये मिसळते. दिवा बंद करावा, पडदा ओढावा, दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर काही सेंटिमीटरवर ठेवावेत आणि मूळ रिमोटमध्ये नवे सेल घालावेत, ही दक्षता त्यातूनच आली.

फिलिप्सने १९९८ मध्ये प्रोन्टो हा रिमोट आणला आणि कोड लिहिण्याची त्याची हेक्स लिपी (० ते ९ अंक आणि ए ते एफ अक्षरे) या क्षेत्रात रूढ झाली. त्यातील दुसरा चार अंकी गट वारंवारतेचा असतो: ००६डी म्हणजे ३८ किलोहर्ट्झ, ००७३ म्हणजे ३६. पकडलेला कोड चालत नसेल तर आधी हा गट पाहावा. सोनीच्या रिमोटचा कोड ००६डी दाखवत असेल, तर पकडताना वारंवारता मोजली न जाता गृहीत धरली गेली आहे, असे समजावे. शिकणाऱ्या यंत्रातला तीन पायांचा तयार इन्फ्रारेड रिसीव्हर वाहक लहर गाळूनच पुढे पाठवतो, त्यामुळे त्याच्यापासून ती कळू शकत नाही.

आपल्याकडे रिमोटची गर्दी वाढली ती डीटीएचमुळे आणि केबलच्या डिजिटलीकरणामुळे. महानगरांबाहेरच्या आपल्यासारख्या शहरांसाठी डिजिटलीकरणाच्या तिसऱ्या टप्प्याची सुधारित मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. त्यानंतर घरोघरी सेट टॉप बॉक्स आले, ज्यांतील अनेकांना चालू आणि बंद यांसाठी वेगळे कोड नसून एकच उलटसुलट बटण असते. 'सिनेमा सुरू करा' अशी एकत्रित आज्ञा दिली की आधीच चालू असलेला बॉक्स बंद होतो, तो यामुळेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारख्या प्रसंगी ज्या घरांत मूळ रिमोट पाण्यात गेला, तेथे बाजारातल्या डुप्लिकेट रिमोटवरूनच कोड घ्यावा लागतो. त्याची वारंवारता थोडी सरकलेली असली तर नक्कल केलेला कोड अगदी जवळून चालतो, पण सोफ्यावरून चालत नाही.

अलीकडच्या स्ट्रीमिंग स्टिकच्या आणि स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवरची बरीच बटणे तर इन्फ्रारेड वापरतच नाहीत. ती ब्लूटूथवर चालतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून एकेक बटण दाबावे. पॉवर आणि आवाजाच्या बटणांना जांभळट चमक दिसते आणि बाणांच्या बटणांना दिसत नाही, असे आढळले तर बाणांचा कोड पकडण्याचा प्रयत्न थांबवून त्या उपकरणासाठी नेटवर्कवरून नियंत्रणाची सोय आहे का, ते तपासावे.