घरच्या धंद्याला फायबर घ्यावं की एअरफायबर?

गच्चीवर पांढरा डबा बसवलेला असतो, त्याची वायर खिडकीतून आत आलेली असते आणि मालक सांगतात, "आपल्याकडे फायबर आहे." ते फायबर नसतं, एअरफायबर असतं. सिनेमे बघायला आणि मुलांच्या यूट्यूबला दोन्ही सारखीच चालतात, त्यामुळे हा घोळ वर्षानुवर्षं खपून जातो. घरातून धंदा सुरू झाला की मात्र तो महागात पडतो.

फायबर बहुतेकांच्या ओळखीचं आहे. खांबावरून घरात येणारी काचेची बारीक तार, भिंतीवरचा ओएनटी (ती तार जिथे जोडली जाते ती पेटी), आणि त्याचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल झाला की कस्टमर केअरला फोन. एअरफायबरमध्ये तुमच्या घरापर्यंत तार येतच नाही. गच्चीवरचा डबा टॉवरशी रेडिओ लहरींवर बोलतो, बहुतेक वेळा ५जीवर. २०२३ साली एअरटेलने ऑगस्टमध्ये आणि जिओने गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, ही सेवा आणली.

आता खरी अडचण. दोन्हींच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, १०० एमबीपीएस. हा आकडा डाउनलोडचा आहे. अपलोडचा आकडा कोणी विचारत नाही, विकायला आलेला मुलगाही आपणहून सांगत नाही. आणि घरच्या धंद्याचं पोट अपलोडवरच असतं. फोटोग्राफर ग्राहकाला लग्नाचे फोटो पाठवतो, क्लासवाल्या बाई झूमवर शिकवतात, इंटिरियरवाला ड्रॉइंग पाठवतो, दुकानाचा कॅमेरा क्लाउडवर रेकॉर्ड होतो. हे सगळं घरातून बाहेर जाणारं आहे.

फायबरमध्ये येणारा आणि जाणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीचा असतो. घरगुती फायबरच्या जीपॉन नावाच्या पद्धतीत साधारण १४९० नॅनोमीटरवर डेटा येतो आणि १३१० नॅनोमीटरवर जातो, त्यामुळे दोघे एकमेकांच्या आड येत नाहीत. म्हणूनच अनेक कंपन्या फायबरच्या प्लॅनवर डाउनलोड आणि अपलोड सारखाच देतात. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र येणं आणि जाणं एकाच लहरीवर, पाळीपाळीने होतं. बहुतेक लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून टॉवर पाळीतला मोठा वाटा डाउनलोडला देतो. शिवाय टॉवर जोरात बोलू शकतो, तुमचा डबा तेवढ्या जोरात बोलू शकत नाही. त्यात तोच टॉवर आजूबाजूच्या सगळ्या मोबाइलांनाही पुरवायचा असतो, म्हणून रात्री आठनंतर आकडे हलतात.

याचा परिणाम हिशेबात बघा. दहा जीबीचे फोटो १०० एमबीपीएस अपलोडवर साधारण साडेतेरा मिनिटांत जातात. तेच १० एमबीपीएसवर सव्वादोन तास घेतात. प्लॅनवर दोन्हीकडे १००च लिहिलेलं असू शकतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: दारापर्यंत फायबर येत असेल आणि तुम्ही काम बाहेर पाठवून पैसे कमावत असाल, तर एअरफायबरचा विचारच करू नका. तिथे ५० एमबीपीएसचं फायबर १०० एमबीपीएसच्या एअरफायबरपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं. मोबाइलवरच्या स्पीडटेस्टमधला फक्त पहिला आकडा दाखवून "बघा, मस्त आहे" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. शेजाऱ्याकडे तीच जोडणी असेल तर संध्याकाळी त्याच्या राउटरला लॅपटॉप लॅन केबलने जोडा आणि दुसरा, म्हणजे अपलोडचा, आकडा बघा. शेजारी नसेल तर त्याच कंपनीचं ५जी सिम घेऊन गच्चीवर टेस्ट करा. बसवलेला डबा मोबाइलपेक्षा थोडा बरा चालतो, पण अंदाज येतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. डेटाची मर्यादा बघा: जिओच्या घरगुती फायबरवर ती महिन्याला ३,३०० जीबी आणि एअरफायबरवर १,००० जीबी अशी राहिली आहे. रोज व्हिडिओ पाठवणाऱ्याला हजार कमी पडू शकतात. पावसाची भीती मात्र उगाच. ३.५ गिगाहर्ट्झला पावसाने फारसं काही होत नाही. फांदी पडून किंवा रस्ता खोदताना तुटतं ते फायबर, आणि ते जोडायला माणूस यावा लागतो. स्टॅटिक आयपी, म्हणजे जोडणीचा कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता, बाहेरून कॅमेरा किंवा सर्व्हर उघडायचा असेल तरच घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर जोडणी धंद्याच्या नावावर आणि बिलावर जीएसटी नंबर घाला, म्हणजे १८ टक्क्यांचं क्रेडिट घेता येईल.

एअरफायबर वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. कोकणातल्या वाडीत, जिथे तार ओढायला कोणी येत नाही, किंवा नव्या लेआउटमध्ये, जिथे खोदाईची परवानगी अडकली आहे, तिथे तेच घ्यावं. डबा टॉवरच्या दिशेला, नारळाच्या झावळ्यांच्या वर लागेल हे उभं राहून बघून घ्या. बसवणारे सोयीच्या भिंतीवर ठोकून निघून जातात आणि मग महिनोन् महिने दोष टॉवरला दिला जातो.

दोन्हींपैकी काहीही घ्या, राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, म्हणजे तासभर वीज गेली तरी क्लास चालू राहतो. एअरफायबरच्या बाहेरच्या डब्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर असतो. त्याचा व्होल्टेज वाचूनच यूपीएस घ्या, आणि तो डबाही बॅकअपवर टाका. नुसत्या राउटरला वीज देऊन उपयोग नाही.