कुठला अँटिव्हायरस घालू?

फोंडा, म्हापसा किंवा मडगावच्या बाजारात नवा लॅपटॉप घेतला की बिल करताना दुकानदार हमखास विचारतो, ‘अँटिव्हायरस कुठला घालू?’ गिऱ्हाईक दोन खोक्यांच्या किमती बघतं आणि त्यातलं स्वस्त ते घेतं. अँटिव्हायरसला काय जमतं आणि काय कधीच जमणार नाही हे आधी कळलं, तर ही निवड फार सोपी होते.

अँटिव्हायरसची सगळ्यांत जुनी रीत ओळखखुणेची. कुठलीही फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची लांबलचक रांग. सापडलेल्या व्हायरसच्या रांगेतला एखादा खास तुकडा कंपनी आपल्या यादीत नोंदवते आणि तुमच्या संगणकावरची प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाते. हे काम झटपट होतं, पण व्हायरस लिहिणाऱ्याने थोडी उलटापालट केली की खूण जुळत नाही. म्हणून आता जोडीला वर्तनावर नजर ठेवतात. एखादा अनोळखी प्रोग्राम भराभर शेकडो फोटो उघडून ते वाचता येणार नाहीत अशा रूपात परत लिहू लागला, तर त्याची खूण यादीत नसली तरी त्याला अडवायचं. शिवाय संशय आला तर फाइलची माहिती कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून निर्णय येतो. इंटरनेट बंद असलेल्या संगणकावर अँटिव्हायरस थोडा लंगडा पडतो तो यामुळेच.

एवढं सगळं असूनही शंभर टक्के संरक्षण का मिळत नाही? कंपन्या कमी पडतात असं आपल्याला वाटतं, पण खरं कारण गणितात आहे आणि ते फार सुंदर आहे. अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ साली ते मांडलं. समजा, कुठलाही प्रोग्राम पाहून ‘हा व्हायरस आहे’ किंवा ‘नाही’ असं अचूक सांगणारा एक परिपूर्ण तपासनीस कुणीतरी बनवला. आता मी एक खट्याळ प्रोग्राम लिहितो. तो सुरू होताच त्याच तपासनीसाला स्वतःबद्दल विचारतो. ‘तू व्हायरस आहेस’ असं उत्तर आलं तर तो गप्प बसतो, कुठेच पसरत नाही. म्हणजे तपासनीस चुकला. ‘तू व्हायरस नाहीस’ असं उत्तर आलं तर तो लगेच पसरू लागतो. म्हणजे तपासनीस पुन्हा चुकला. तेव्हा असा तपासनीस असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये संगणनाच्या ज्या मर्यादा दाखवल्या होत्या, त्यांच्याच कुळातला हा युक्तिवाद. म्हणून ‘१०० टक्के सुरक्षा’ अशी जाहिरात दिसली की ती खुशाल बाजूला ठेवावी.

मग खोक्यांचं काय? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच असतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटिव्हायरस नियमित तपासतात आणि किती व्हायरस पकडले याबरोबरच किती निरपराध फाइलींवर आळ घेतला हेही मोजतात. त्यांचे ताजे निकाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात. घरी अभ्यास, बँक आणि पत्रव्यवहार एवढंच असेल तर अद्ययावत विंडोजवरचा डिफेंडर पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांसाठीचं नियंत्रण किंवा अडचणीत फोनवर बोलणारा माणूस हवा असेल तर पुण्याच्या क्विक हीलसारखं उत्पादन विकत घ्यायला हरकत नाही. दोन अँटिव्हायरस मात्र एकत्र घालू नयेत. दोघेही तीच फाइल एकाच वेळी अडवून तपासायला धावतात, आणि संगणक रखडतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. नजर ठेवायची म्हणून अँटिव्हायरस संगणकाच्या अगदी गाभ्यात शिरलेला असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तो प्रोग्राम कंपन्यांसाठीचा होता, पण आपण अँटिव्हायरसला केवढा अधिकार देतो हे त्यातून कळतं. त्याच वर्षी अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकटचा अँटिव्हायरस घेताना तो कशावर जगतो हे जरूर पाहावं.

माझ्या मते खरा फरक सेटिंगांनी पडतो. सगळ्यांत आधी अपडेट. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याने वापरलेलं भगदाड बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांचे संगणक सापडले. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे असे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमध्येच भगदाड राहिलं तर वरून घातलेल्या महागड्या अँटिव्हायरसने ते बुजत नाही.

दुसरं, रोजच्या कामासाठी साधं खातं. घरातले सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे सर्वाधिकारी म्हणूनच वावरतात, आणि मग चुकून उघडलेल्या प्रोग्रामलाही तेच अधिकार मिळतात. तो अँटिव्हायरसलाच गप्प करू पाहतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये टॅम्पर प्रोटेक्शन (इतर प्रोग्रामांना अँटिव्हायरस बंद करू न देणारं सेटिंग) चालू आहे ना, तेही बघून घ्यावं.

पण साध्या खात्याने रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, थांबत नाही, कारण तुमचे फोटो बदलण्याचा अधिकार तुम्हाला असतोच आणि तुमच्या नावाने चाललेल्या प्रोग्रामलाही तो मिळतो. त्यासाठी कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस नावाची सोय आहे. ती चालू केली की ओळखीचे प्रोग्राम सोडून इतर कुणालाही ठरावीक फोल्डरांत लिहिता येत नाही. ही सोय मुळात बंद असते. मांद्रे-हरमलला घरच्या खोल्या पाहुण्यांना देणारे कितीतरी जण परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवण्यासाठी त्यांचे पासपोर्ट स्कॅन करून ठेवतात. ती दुसऱ्याची ठेव आहे. काम झालं की स्कॅन पुसावेत, आणि पाहुण्यांना वायफाय द्यायचं तर राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क करून द्यावं.

पेनड्राइव्हची कथा आपल्याकडे अजून संपलेली नाही. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा छापायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि घरी येतो तेव्हा फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. मूळ फोल्डर लपवलेले असतात, आणि शॉर्टकट उघडला की व्हायरस चालू होतो. घरी आल्यावर काहीही उघडण्याआधी पेनड्राइव्हवर उजवी क्लिक करून तो तपासून घ्यावा. फाइलींची पूर्ण नावं दिसतील असं सेटिंगही करावं. विंडोज शेवटची अक्षरं लपवतं, त्यामुळे ‘वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल खरं तर प्रोग्राम (ईएक्सई) असूनही निरुपद्रवी पीडीएफसारखी भासते.

क्रॅक केलेल्या, म्हणजे पैसे न भरता चालावं म्हणून फोडलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं त्याच्या सूचनेत लिहिलेलं असतं, आणि लोक तो खरंच बंद करतात! मराठी टायपिंगसाठी असं काही उतरवण्याची मुळीच गरज नाही. मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो.

फोनवरून गोड बोलून तुमच्या स्क्रीनचा ताबा मागणाऱ्या माणसापुढे अँटिव्हायरस जवळपास हतबल असतो. तो माणूस जो प्रोग्राम उतरवायला सांगतो तो बहुतेकदा अस्सल असतो. त्यात व्हायरस नसतोच. मुलं परदेशी आणि घरी आईवडीलच, अशी घरं गोव्यात पुष्कळ आहेत. त्यांना एवढं नक्की सांगून ठेवावं, की संगणकावर ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असं दिसलं तर फोन करायचा नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक फिरवावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तिथेच गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीलाच जास्त असते.

उरला बॅकअप. रॅन्समवेअरने लावलेलं कुलूप योग्य रीतीने लावलेलं असेल तर किल्लीशिवाय ते कुणालाच उघडता येत नाही, अँटिव्हायरस कंपनीलासुद्धा नाही. म्हणून फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. अधूनमधून त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडते का, तेही पाहावं.