दोष कार्बोरेटरचा की ठिणगीचा?

जुनी प्रीमियर पद्मिनी पिकअप घेईनाशी झाली की पहिला संशय पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवर जातो. मग पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे जेट फुंकले जातात, मिक्श्चरचा स्क्रू फिरवला जातो आणि गाडी होती त्याहून बिघडते. गोव्यात अशा गाड्या मायेने सांभाळणारी घरं अजून आहेत. त्यांना माझा आग्रह एकच: आधी ठिणगी तपासा, पेट्रोलकडे नंतर वळा.

कारण सगळा खेळ वेळेचा आहे. सिलिंडरमधलं मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्याला काही मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ८०० फेरे असताना एका फेऱ्याला ७५ मिलिसेकंद मिळतात, ३००० फेऱ्यांना फक्त २०. वेग वाढेल तशी ठिणगी आणखी लवकर पडायला हवी, आणि ते काम प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन छोटी वजनं करतात. वेगात ती बाहेर फाकतात आणि ठिणगीची वेळ ठरवणारा कॅम पुढे सरकवतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ती गंजून अडकली, की इंजिन आयडलिंगला छान चालतं, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दम सोडतं. लक्षण हुबेहूब कार्बोरेटरचं! डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, आतला फिरता तुकडा, म्हणजे रोटर, फिरतो त्याच दिशेने हाताने थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने मागे आला नाही, तर दोष इथेच सापडला.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी धातूची टोकं, तर जवळून बघायलाच हवीत. जुन्या पॉइंटवर एका बाजूला बारीक टेकडी आणि समोर खड्डा दिसतो. पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर बिघडला की असं लवकर होतं. अशा पॉइंटमध्ये फट मोजायचा फीलर गेज घातला तर पातं टेकडीवर टेकतं आणि गॅप खरा कळत नाही. पॉइंट बदलून गॅप लावा, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, त्यानंतर. हा क्रम मोडू नये, कारण गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जातं. मागे गेलेल्या टायमिंगने इंजिन तापतं आणि ओढ कमी होते. फार पुढे गेलं तर चढावर खटखट ऐकू येते. तपासायला बारा व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. एक वायर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला लावा. इग्निशन चालू ठेवून इंजिन हाताने फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तेव्हा पुलीवरची खूण कंपनीने सांगितलेल्या अंशावर हवी.

वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात कॅपची आतली बाजूही टॉर्च लावून बघा. पितळी टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट त्या वाटेने पळतोय. ती घासून जात नाही, कॅप बदलावीच लागते.

एवढं झाल्यावर पेट्रोल. गाडी रस्त्यात बंद पडली तर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात डोकावा आणि थ्रॉटल हलवा. पेट्रोलची पिचकारी उडाली तर पेट्रोल येतंय. उडाली नाही तर पंप, पाइप किंवा कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये पेट्रोल सोडणारी फ्लोटची सुई बघा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत बाऊलच्या तळाशी पाणी साठलेलं असतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात.

इथेनॉलची दुसरी बाजू कमी लोक लक्षात घेतात. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या आजच्या पेट्रोलला सुमारे १३.५ पुरते. जेट मात्र जुन्या पेट्रोलसाठी कोरलेला, त्यामुळे मिश्रण साताठ टक्क्यांनी पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. इंजिन कार्बोरेटरमधून शिंकतं आणि चोक थोडा ओढला की सुधारतं. सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १२० च्या जागी १२५ घातला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे जवळपास हवं तेवढंच. बदल बरोबर झाला का, हे गोवा-बेळगाव रस्त्यावरचा चोर्ला घाट सांगतो. चढ संपता संपता क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि गार झाल्यावर प्लग काढा. पोर्सिलीन फिकट तपकिरी असेल तर जेट ठीक. पांढरंफटक असेल तर अजून एक नंबर वर जा, आणि काजळी धरली असेल तर जुना जेट परत घाला.