बालिनीज मांजर

बालिनीज मांजर : सयामी मांजराची लांब केसांची जात. निळेशार डोळे, निमुळते तोंड, मोठे कान, सडपातळ पण कणखर अंग आणि पिसाऱ्यासारखी झुपकेदार शेपटी ही तिची ओळख. वजन साधारण २.५ ते ५ किग्रॅ. असते, बोका भाटीपेक्षा (मादीपेक्षा) थोराड दिसतो. हे मांजर पाळणाऱ्याला मात्र काही विचाराल, तर तो आधी मांजराच्या बोलण्याबद्दल सांगेल.

नाव बालीचे असले तरी त्या बेटाशी या जातीचा संबंध नाही. सयामी मांजरांना अधूनमधून लांब केसांचे पिल्लू होई आणि पैदास करणारे लोक ते सदोष मानून बाजूला काढत. लांब केसांचा जनुक अप्रभावी असल्याने तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच असे पिल्लू जन्मते. १९५० च्या दशकात अमेरिकेत मॅरियन डॉर्सेट आणि हेलन स्मिथ यांनी हीच पिल्ले निवडून त्यांची स्वतंत्र पैदास सुरू केली. ‘लांब केसांचे सयामी’ हे नाव स्मिथ यांना पसंत नव्हते. या मांजरांची डौलदार चाल पाहून त्यांना बालीच्या नर्तकी आठवल्या, आणि त्यावरून हे नाव पडले. मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ या अमेरिकी संस्थेने १९७० मध्ये जातीला स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. सयामीच्या चार पारंपरिक रंगांपलीकडची मांजरे त्या संस्थेत ‘जावानीज’ म्हणून वेगळी मोजली जात. २००८ मध्ये ती बालिनीजमध्येच घेतली गेली.

तोंड, कान, पाय आणि शेपटी गडद, बाकीचे अंग फिकट, ही रंगांची विभागणी तापमानावर चालते. रंगद्रव्य तयार करणारे विकर (एन्झाइम) या मांजरांत उष्णता सोसत नाही. अंगाच्या थंड टोकांनाच ते नीट काम करते. आईच्या पोटातल्या उबेत वाढलेली पिल्ले म्हणून पांढरी जन्मतात आणि काही आठवड्यांत त्यांच्या कानांच्या कडा काळवंडू लागतात. शस्त्रक्रियेसाठी पोटावरचे केस भादरले, तर तिथे नवे केस बरेचदा गडद उगवतात. घरचे घाबरतात, पण घाबरण्याचे कारण नसते. पुढच्या वेळी केस गळून नवे आले की डाग बहुधा निघून जातो.

लांब केस म्हटले की रोजची फणी डोळ्यांसमोर येते. पर्शियन मांजराला ती लागतेच. बालिनीजच्या अंगावर मात्र दाट आतली लव जवळजवळ नसते. रेशमी केस अंगाला चिकटून पडतात आणि त्यांचा गुंता क्वचितच होतो. आठवड्यातून एकदोनदा फणी पुरते. काखा, मांड्यांची मागची बाजू आणि शेपटीचे मूळ एवढ्या जागा बोटांनी चाचपून पाहाव्यात. गाठ सापडली तर बोटांनी हळूहळू सोडवावी, कात्री लावू नये. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ ओढली की तीही सोबत उचलली जाते आणि नेमकी तिलाच चीर पडते.

आता आवाज. मोठी मांजरे एकमेकांशी म्यावम्याव फारशी करत नाहीत. ती भाषा मुख्यतः माणसासाठी असते. बालिनीजने ती सयामीकडून उचलली, फक्त तिचा सूर बहुधा थोडा मऊ असतो. दाराला किल्ली लागली की आतून लांब हेल काढलेली हाक येते, दार उघडल्यावर पायांत घोटाळत तुटक तक्रारी चालू होतात, आणि ‘काय गं’ म्हटले की लगेच उत्तर मिळते. खिडकीपाशी पक्षी दिसला तर दातांची कटकट, भांड्यात अन्न पडताना घशातली घुरघुर. ज्याला घरात शांतता हवी आहे त्याने ही जात घेऊ नये; मोठे झाल्यावर गप्प बसेल ही आशा धरणे मांजरावर अन्याय आहे.

पहाटे खाण्यासाठी आरडाओरडा होत असेल तर ओरडताना उठून खायला घालू नये. झोपण्यापूर्वी दोरीच्या खेळाने भरपूर पळवून मग जेवण द्यावे. उत्तर मिळेनासे झाले की सुरुवातीला ओरडणे वाढते, आणि नेमक्या त्याच रात्री घरचे हार मानतात. रागावणे, पाणी उडवणे टाळावे. मांजर त्याने गप्प होत नाही, बिथरते. घर दिवसभर रिकामे राहत असेल तर जोडीला दुसरे मांजर असावे. नसबंदी न झालेली भाटी माजावर आली की रात्रंदिवस टाहो फोडते, आणि या वंशात ती वेळ लवकर, कधी चौथ्यापाचव्या महिन्यातही येते. म्हणून पशुवैद्याशी आधीच बोलून ठेवावे.

आपल्या मांजराचा रोजचा आवाज कानात बसलेला असणे हीच या जातीची खरी निगा, असे म्हणायला हरकत नाही. बोलके मांजर अचानक मुके झाले, आवाज घोगरा झाला किंवा वेगळ्याच सुरात आला, तर तपासणी करावी. बोका वाळूच्या पेटीत पुन्हापुन्हा बसून कळवळत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर ते जिवावर बेतते.

सयामी वंशात दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजारही आढळतो. त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. पिल्लू घेताना आईबापांची ती झाली आहे का, हे जरूर विचारावे. बालिनीजमुळे ॲलर्जी होत नाही असे सांगितले जाते, पण त्यावर विसंबू नये. ॲलर्जीचे मुख्य प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असते आणि ते याही मांजरांत असते.

चांगली निगा राखली तर ही मांजरे पंधरा वर्षांहून अधिक जगतात. म्हातारपणी रात्री मोठमोठ्याने ओरडण्यामागे थायरॉइडचा विकार, रक्तदाब, बहिरेपणा किंवा हरवलेले दिशाभान असू शकते. पशुवैद्याचा उपचार चालू असतानाही वाळूच्या पेटीजवळ मंद दिवा ठेवावा, आणि अंधारातून हाक आली तर नाव घेऊन उत्तर द्यावे. ऐकू कमी येत असेल तर उठून जवळ जावे आणि पाठीवर हात ठेवावा.