घोडा घरी नेण्यापूर्वी

इंदूरच्या मराठी घरात पहिला घोडा बहुधा देवघरातच असतो, खंडोबाच्या टाकावर. पुढचे मॉडेल घोडे जमवायला मंडळी आमच्या दुकानात येतात आणि आधी किंमत विचारतात. आम्ही विचारतो, कपाटाचा कप्पा किती उंच आहे?

कारण मॉडेल घोडे मापाने ओळखले जातात. अमेरिकेच्या ब्रेयर कंपनीची मोठी मालिका १:९ ची, म्हणजे खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाची. खांद्यापर्यंत पाच फूट भरणारा खरा घोडा या मापात पावणेसात इंचांचा होतो, मान उंचावलेली असली तर नऊच्या आसपास जातो. १:१२ मध्ये तोच पाच इंच आणि १:३२ मध्ये दोन इंचांहूनही थोडा कमी, मुठीत मावणारा. मापांची सरमिसळ झाली की शिंगरू आईपेक्षा थोराड दिसते, म्हणून सुरुवातीला एकच माप धरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आम्ही १:३२ सुचवतो. त्यात आम्हाला फारसे सुटत नाही, पण वर्षभराने ‘जागा संपली’ म्हणून कोणी तोंड पाडून येत नाही.

डब्यावरच्या इंग्रजी नावांनी बिचकू नका. बे म्हणजे आपला कुमैत, तांबूस-तपकिरी अंगाचा आणि काळ्या आयाळीचा; पिंटो म्हणजे अबलख, पांढऱ्या ठिगळांचा. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर तो पंचकल्याणी. मारवाडी जातीचा म्हणून घेत असाल तर आधी कान बघा. खऱ्या मारवाडीचे कान आत वळून टोकाला टोक भिडवतात. कान सरळ दिसले, तर डब्यावर काहीही छापलेले असो, पैसे मोजू नका.

ब्रेयरचा पहिला घोडा १९५० साली घडला तो एका शोभेच्या घड्याळासाठी. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला. हे घोडे सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असतात आणि आपल्याकडचा मे महिना त्यांना मानवत नाही. बंद मोटारीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवले तर पाय वाकतात, पांढरा रंग पिवळा पडतो. वाकलेला पाय कढत पाण्यात धरून हलक्या हाताने सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायचा, की तो तसाच राहतो. घाबरल्यासारखे वाटत असेल तर आमच्याकडे आणा. धूळ मऊ कुंचल्याने झटका. नेलपॉलिश काढायचे द्रव मात्र चुकूनही लावू नका, त्यातल्या अ‍ॅसिटोनमध्ये हे प्लॅस्टिक विरघळते. जुन्या घोड्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर त्याला पिशवीत कोंडू नका. मोकळ्या हवेत, इतरांपासून लांब ठेवा.

आता आपल्या घरच्या घोड्याविषयी. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, हे इथल्याच किती तरी लोकांना ठाऊक नसते. आत तारेचा सांगाडा आणि भराव, वरून शेळी-मेंढीचे कातडे. हाताने घडवलेला असल्याने दोन घोडे एकसारखे निघत नाहीत. १:९ च्या रांगेत तो मापात बसणार नाही, त्याला वेगळा कप्पा द्या. आमच्या मते संग्रहात निदान एक तरी असावाच. त्याला पाणी लावायचे नाही, कडक उन्हात वाळवायचे नाही, आणि पावसाळ्यात पॉलिथिनमध्ये तर मुळीच गुंडाळायचे नाही, बुरशी धरते. जुन्या धोतराचा तुकडा उत्तम.

नवे संग्राहक हौसेने जुना घोडा पुन्हा रंगवायला काढतात. कारखान्याचा मूळ रंग गेला की मूळ रंग जपणाऱ्यांच्या लेखी त्याची किंमत उतरते. रंगवायचाच असेल तर आधीच मोडकातोडका असलेला घ्या, तसे आम्ही वेगळ्या टोपलीत स्वस्तात ठेवतो.

चौखूर उधळलेला घोडा रांगेत पुढे ठेवू नका. तो कलंडला की शेजारचे चार घेऊन पडतो. पाय तुटलाच तर तुकडा कागदाच्या पुडीत बांधून सोबत आणा. तुकडा जागेवर बसत असेल तर जोडणावळ घेत नाही, नवा पाय घडवायचा झाला तर खर्च आधी सांगतो.