अकरा किका आणि चिमूटभर वाफ

डिसेंबरच्या सकाळी साडेसहाला बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीला जाग येते ती माझ्या येझदी मोटारसायकलीच्या किकने. पहिल्या चार-पाच किकांना नुसता ‘फुस्स’. आठवीला एक उचकी. अकराव्या किकेपर्यंत माझा स्वेटर निघालेला असतो आणि समोरचे मामा गॅलरीतून विचारतात, “काय करूलास रे इतक्या सकाळी? ढकलायला येऊ काय?”

गाडी बाबांची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथे 1961 पासून जावा गाड्या निघत होत्या, 1973 पासून त्यांना येझदी हे नाव मिळालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे आमची गाडी कितीही नवी म्हटली तरी म्हातारीच. पण उन्हाळ्यात हीच म्हातारी पहिल्या किकेला उठते. मग थंडीत नेमकं काय बिघडतं?

लोखंड गारठलं, ऑइल घट्ट झालं, ही कारणं आहेत, पण दुय्यम. मुख्य भानगड पेट्रोलची. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते त्याची वाफ. हवेत ही वाफ साधारण दीड टक्क्यापेक्षा कमी असेल तर ठिणगी पडूनही काही होत नाही आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरी होत नाही. 30 अंशांवरून पारा 12 अंशांवर आला की पेट्रोलच्या वाफेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरने पेट्रोल अगदी मापात सोडलं तरी त्यातलं बरंचसं गार भिंतींना थेंबाथेंबाने चिकटून बसतं. सिलिंडरमध्ये पोचते ती बहुतांशी हवा.

यावरचा जुना उपाय अगदी आडदांड आहे: पेट्रोल भरमसाट ओता. पेट्रोल हे शेकडो संयुगांचं कडबोळं. त्यातली काही 35 अंशांच्या आसपास उकळतात, काहींना 200 अंशही पुरत नाहीत. गारठ्यात उडतो तो फक्त हलका हिस्सा. मग एकूण पेट्रोलच दुप्पट-तिप्पट दिलं की त्यातल्या हलक्या हिश्शाची वाफ पहिल्या भडक्यापुरती होते. बाकीचं ओलंच राहतं, पुढे इंजिन तापलं की जळतं. सुरुवातीचा पांढरा-निळा धूर आणि तो वास यातलाच.

हे जादा पेट्रोल द्यायच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. जुन्या मोटारींत चोकची झडप हवेचा रस्ताच अडवते, त्यामुळे आतली ओढ वाढून जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल जास्त खेचलं जातं. आमच्या येझदीच्या जिकोव्ह कार्बोरेटरला टिकलर आहे, म्हणजे एक साधं बटण. ते दाबलं की पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा आतला फ्लोट खाली जातो आणि चेंबरमधली पातळी चढून पेट्रोल कार्बोरेटरच्या गळ्यात, म्हणजे हवेच्या वाटेत उतरतं. बोटाला गार ओल लागली की थांबायचं. किकेआधी चेतक स्कूटर आडवी करणारे काका ज्यांना आठवतात, त्यांनी फ्लोटची पातळी हलवण्याचा हाच खेळ बटणाविना पाहिलाय.

पुष्कळ मोटारसायकलींत तिसरी तऱ्हा असते. चोक म्हणतात त्यालाही, पण तिथे हवा अडत नाही. पेट्रोलची एक वेगळी वाट उघडते. ती वाट इंजिनाच्या ओढीवर चालते आणि अ‍ॅक्सिलरेटरने वर उचलली जाणारी हवेच्या वाटेतली स्लाइड बंद असेल तरच ओढ जोरात बसते. म्हणजे चोक ओढून वर अ‍ॅक्सिलरेटरही पिळला की ओढ गेली आणि चोकही गेला. कॉलेजात असताना मित्राच्या गाडीवर मी हा पराक्रम बरेच दिवस इमानेइतबारे केलाय.

यंदा मात्र टिकलर दाबून बोट ओलं होई, तरी गाडी उठेना. अकरा किका हाही भाग्याचा दिवस म्हणायचा. चूक माझीच होती. मिरगापासून दिवाळीपर्यंत गाडी सोप्यात झाकून ठेवली आणि पेट्रोल तसंच आत. बेळगावचा पाऊस अंगावर घेत जुनी गाडी कोण काढतो? पण साठवलेल्या पेट्रोलमधून आधी काय उडून जातं? तोच हलका हिस्सा, थंडीत ज्याच्यावर सगळी भिस्त. उरतं ते जडजड. त्यात आमची टू-स्ट्रोक, लिटरला 40 मिली ऑइल घातलेलं. ऑइल काही उडत नाही. मेस्त्रींनी फ्लोट चेंबर उघडून बोट बुडवलं आणि चिमटीत चोळून दाखवलं. मधासारखं ताणत होतं. “हे पेट्रोल न्हवे, काकवी झालीया की!” मेस्त्री मराठी, कन्नड आणि उर्दूत बोलतात. शिव्या फक्त उर्दूत देतात, ते पुढचं वाक्य गाळतो.

ती काकवी जेटमध्येही बसली होती. मेन जेटचं भोक एक मिलिमीटरच्या आसपास, आयडल जेटचं त्याहून बरंच बारीक. भोकाचा व्यास दहा टक्के कमी झाला की क्षेत्रफळ एकोणीस टक्के घटतं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या थराने पाचवा हिस्सा पेट्रोल कमी. म्हणूनच सुई किंवा सेफ्टी पिन आत घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की चूक उलट्या बाजूला होते आणि ती पुन्हा भरून येत नाही. मेस्त्री विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार घेतात, मग कॉम्प्रेसरची हवा मारतात आणि जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटतात.

यात पेट्रोलमध्ये मिसळलेल्या, उसापासून होणाऱ्या इथेनॉलचाही वाटा आहे. अथणी-चिकोडीच्या रस्त्याला गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकताना मला नेहमी गंमत वाटते. यातला थोडा ऊस फिरून माझ्याच टाकीत येणार. 2025 मध्ये देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलपर्यंत मजल गेली. एक किलो पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. जुना कार्बोरेटर हे ओळखत नाही. तो पूर्वीच्याच मापाने सोडत राहतो आणि मिश्रण आठेक टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. ते फार झालं की दोघंही टाकीच्या तळाशी उतरतात आणि पेट्रोलचा कॉक नेमका तळालाच असतो.

गाडी उठत नसेल तर मेस्त्री आधी ठिणगी पाडणारा प्लग काढतात. कोरडा निघाला तर पेट्रोल येत नाहीये: कॉक, नळी, जेट बघा. ओलाचिंब निघाला तर पेट्रोल येतंय, पण जळत नाहीये: ठिणगी बघा, नाहीतर फ्लोट. पितळी फ्लोट कानाशी हलवायचा. आत पेट्रोलचा डुचमळता आवाज आला की तो फुटलाय, आता तरंगणार नाही. भोक कुठे आहे ते कळायला तो कढत पाण्यात बुडवतात. आतली हवा फुगते आणि बारीक बुडबुड्यांची माळ थेट जागा दाखवते. सोल्डर मात्र मोहरीएवढंच लावायचं. जास्त लावलं की फ्लोट जड होऊन पातळी कायमची चढते. आणि आत पेट्रोल असताना तापवायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

एवढं सगळं करून जानेवारीत जांबोटीच्या रस्त्याने कणकुंबीकडे निघालो. किणयेपासून दाट धुकं. जांबोटी ओलांडून थोडं गेलो तोच गाडी गुदमरली आणि बंद. टाकीचं झाकण उघडलं. झाकणातलं हवेचं भोक बुजलं असतं तर ‘स्स’ आवाज आला असता, तो आला नाही. प्लग पाहिला, ठीक होता. मग हात कार्बोरेटरवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बर्फासारखा गार, वर टपोऱ्या दवाचे थेंब. इंजिन मात्र हात ठेववत नव्हता इतकं तापलेलं.

वाफ व्हायला पेट्रोल किलोमागे 350 किलोज्यूलच्या आसपास उष्णता घेतं, इथेनॉल 840 च्या वर. ही उष्णता येते आत शिरणाऱ्या हवेतूनच. सगळं पेट्रोल तिथेच उडालं तर हवा वीस अंशांहून जास्त गार होते. बाहेर 12 अंश आणि हवा दमट असेल तर गळ्यात हिम धरायला एवढं पुष्कळ आहे. उडायला नाखूश असलेलं पेट्रोल एकदा उडू लागलं की स्वतःचीच वाट गोठवतं!

अशा वेळी खोलाखोल करायची नसते. बाजूच्या टपरीवर एक चहा घेतला, तोवर इंजिनाची ऊब मागे सरकून कार्बोरेटरवरचे थेंब सुकले होते. टिकलरला हात न लावता एक किक, किकचाच दांडा वळवला की येझदीत तो गिअरचा होतो, तसा वळवून गिअर, आणि धुक्यातच पुढे.